उशिरा आलेले श्रोते

२५ फेब्रुवारी १९७२ रोजी लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीने ‘पिंक मून’ नावाची एक ध्वनिमुद्रिका विक्रीस आणली. ११ रचना, सगळी मिळून सुमारे २८ मिनिटे, एक आवाज आणि एक गिटार. शीर्षकगीतात काही क्षण पियानोचे स्वर उमटतात, तेवढाच काय तो साज. गीते रचणारा, त्यांना चाली लावणारा आणि ती गाणारा निक ड्रेक त्या वेळी २३ वर्षांचा होता. त्या वर्षी या ध्वनिमुद्रिकेला ग्राहक जवळजवळ मिळालाच नाही. आज मात्र इंग्रजी भाषेतील निराभरण गीतगायनाचा विचार तिला वगळून करता येत नाही. हातात गिटार घेऊन एकट्याने गाणाऱ्या पुढच्या पिढ्यांतील अनेक गायक तिचे ऋण मोकळेपणाने मान्य करतात.

पहिला प्रतिसाद आणि आजचा प्रतिसाद यांत एवढे अंतर का पडावे, आणि मधल्या पाव शतकात ही ध्वनिमुद्रिका टिकून कशी राहिली, हे प्रश्न केवळ संगीताचे नाहीत. ते बाजारपेठेच्या स्वभावाचेही आहेत. खऱ्या गुणाचे चीज कधी ना कधी होतेच, असे एक समाधानाचे उत्तर त्यांवर तयार असते. ते ऐकावयास बरे वाटते; परंतु ‘पिंक मून’चा इतिहास तपासला तर ते टिकत नाही.

दोन रात्रींचे काम

ड्रेकचा जन्म १९ जून १९४८ रोजी रंगून येथे झाला. वडील रॉडनी ड्रेक हे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये अभियंता होते. या कंपनीचे नाव महाराष्ट्राला परके नाही. ब्रह्मदेशातील सागवानाच्या प्रकरणात राजा थिबा याच्याशी तंटा झाला तो याच कंपनीचा. त्याचे निमित्त करून इंग्रजांनी १८८५ चे युद्ध पुकारले आणि पदच्युत थिबाला पुढे १९१६ साली मरण येईपर्यंत रत्नागिरीत राहावे लागले. साम्राज्य मावळत असताना पूर्वेकडून मायदेशी परतलेल्या असंख्य इंग्रज कुटुंबांपैकी ड्रेक कुटुंब एक. वॉरिकशर परगण्यातील टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात निकचे बालपण गेले. आई मॉली स्वतः पियानोवर बसून गीते रचीत असत; ती गीते त्यांच्या हयातीत घराच्या उंबरठ्याबाहेर पडली नाहीत, मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी प्रसिद्ध झाली. चार माणसांपुरते, हलक्या आवाजात गाणे ही त्या घराची रीतच होती.

केंब्रिज विद्यापीठातील इंग्रजी साहित्याचा अभ्यास अर्धवट सोडून ड्रेकने गायनाचा व्यवसाय पत्करला. जो बॉइड या अमेरिकन निर्मात्याने त्याचे गुण हेरले होते. १९६९ मध्ये ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ आणि १९७१ मध्ये ‘ब्रायटर लेटर’ अशा दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. पहिलीत केंब्रिजमधील मित्र रॉबर्ट कर्बी याने बांधलेला तंतुवाद्यांचा साज होता. दुसरीत ढोल, बेस गिटार, पितळी वाद्ये असा भरगच्च ताफा होता आणि त्या काळचे नामवंत वादक तिच्यात वाजवीत होते. दोन्ही चालल्या नाहीत. प्रथम विक्रीच्या काळात ड्रेकच्या कोणत्याही ध्वनिमुद्रिकेच्या ५,००० हून अधिक प्रती खपल्या नाहीत, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते.

त्यानंतर ऑक्टोबर १९७१ मध्ये ड्रेक लंडनच्या साउंड टेक्निक्स या स्टुडिओत गेला. बॉइड तेव्हा नव्या नोकरीवर अमेरिकेत गेले होते. वादक नव्हते, संयोजक नव्हता; ध्वनिमुद्रण करणारे जॉन वुड तेवढे सोबतीला होते. स्टुडिओ रिकामा झाल्यावर रात्री उशिरा काम सुरू करावयाचे, अशा दोन रात्रींत ‘पिंक मून’ पुरी झाली. दोन खर्चिक प्रयत्न फसल्यावर खर्च कमी केला, असा या निराभरणतेचा व्यापारी अर्थ कोणी लावील; पण तसे घडले नाही. वाद्यवृंदाची झूल उतरवावी हा निर्णय गायकाचा होता आणि कंपनीच्या हाती पडली ती पूर्ण झालेली ध्वनिमुद्रिका.

श्रोत्यांनी नाकारले ते काय?

त्या वेळच्या श्रोत्यांना शांत गाणे नको होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा ठरेल. त्याच काळात, त्याच आयलंड कंपनीतून, गिटारवर मृदू गीते गाणाऱ्या कॅट स्टीव्हन्स यांच्या ध्वनिमुद्रिका अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर प्रचंड खपत होत्या. अमेरिकेत जेम्स टेलर आणि कॅनडातून आलेल्या जोनी मिचेल यांनी आत्मनिवेदनपर गीतांना फार मोठा वर्ग मिळवून दिला होता. विक्रेता तोच, वस्तूची जात तीच, काळही तोच. मग एकाला गिऱ्हाईक मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, याचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

त्या काळी नव्या गायकाची ओळख लोकांना होण्याचे मार्ग मोजके होते: आकाशवाणी, संगीतविषयक साप्ताहिके आणि गावोगावचे प्रत्यक्ष कार्यक्रम. यांपैकी तिसरा मार्ग सर्वांत खात्रीचा. ड्रेकला नेमका तोच पेलवला नाही. त्याच्या रचनांसाठी गिटारच्या तारा निरनिराळ्या पद्धतींनी लावाव्या लागत. एक गीत संपले की दुसऱ्यासाठी तारा लावण्यात कित्येक मिनिटे जात. अनुभवी गायक ही वेळ हास्यविनोदाने भरून काढतात. ड्रेक मान खाली घालून, एक शब्दही न बोलता तारा पिळीत बसे. श्रोते आपसांत बोलू लागत, पेले वाजू लागत, आणि त्या गलबल्यात पुढचे गीत बुडून जाई. १९७० नंतर त्याने कार्यक्रम करणे जवळजवळ बंदच केले. मुलाखतीही जवळजवळ नाहीतच. तरुणपणीचे त्याचे गातानाचे चलच्चित्र आज उपलब्ध नाही, यावरून तो लोकांच्या दृष्टीपासून किती दूर राहिला याची कल्पना यावी.

ध्वनिमुद्रिका ज्यांनी ऐकली त्यांची प्रतिक्रियाही एकसारखी नव्हती. काहींना ती अपुरी वाटली. जणू कच्चा आराखडा दाखवून घर विकावयास काढले आहे. काहींना गायक श्रोत्याकडे पाठ करून गातो आहे असे वाटले. मात्र ज्यांनी ती पुन्हा ऐकली त्यांना निराळेच काही आढळले. उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो, बाकीची बोटे वरच्या तारांवर सुरावट विणतात, आणि या दोहोंच्या मधून आवाज किंचित मागे रेंगाळत चालतो. एका गिटारमध्ये तीन वाद्यांचे काम चाललेले असते. हे पहिल्या ऐकण्यात कळत नाही, कारण त्यात लक्ष वेधून घेणारे काही नाही. ‘झिगझॅग’ या मासिकात कॉनर मॅकनाइट यांनी या ध्वनिमुद्रिकेबद्दल लिहिले, त्याचा आशय असा होता की, संगीताने मनाला वास्तवातून पळवाटच दिली पाहिजे या समजुतीला येथे तिळमात्र सवलत दिलेली नाही. जाणकाराची ही पसंती खरी होती. पण अशा पसंतीने दुकानातला माल हलत नसतो.

अर्थशास्त्रात या प्रकाराला नाव आहे. ज्या वस्तूचा गुण ती विकत घेऊन वापरल्यावरच समजतो तिला अनुभववस्तू म्हणतात. १९७० मध्ये फिलिप नेल्सन यांनी ही कल्पना मांडली. संगीताच्या बाबतीत अडचण आणखी एक पायरी पुढे जाते. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात घटत्या उपयोगितेचा नियम सांगतानाच नमूद करून ठेवले होते की, चांगले संगीत जितके अधिक ऐकावे तितकी त्याची गोडी वाढण्याचाच संभव. याचे कारण असे की ऐकता ऐकता ऐकणारा माणूसच बदलतो. याचा अर्थ असा होतो की, काही कलाकृतींना त्यांचा श्रोता बाजारात तयार मिळत नाही. तो त्यांना स्वतःच, हळूहळू घडवावा लागतो. आणि श्रोता घडेपर्यंत कलाकृती उपलब्ध राहिली पाहिजे. खरी अडचण येथे आहे.

एका कलमाची किंमत

ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यात न खपणाऱ्या मालाचे काय होते? वार्षिक विक्री ठरावीक पातळीखाली गेली की तिचे नाव सूचीतून वगळतात. नव्या प्रती निघत नाहीत, मूळ फिती कपाटात जातात, आणि उरल्यासुरल्या प्रती जुन्या बाजारात फिरत राहतात. व्यापारी दृष्टीने यात गैर काही नाही. परंतु एकदा नाव वगळले गेले की ‘कधी ना कधी चीज होते’ या वचनाला काही अर्थ उरत नाही. जी वस्तू मिळतच नाही तिला मागणी कोठून येणार?

ड्रेकच्या बाबतीत हे टळले ते बाजारपेठेच्या शहाणपणामुळे नव्हे. १९७०-७१ च्या सुमारास बॉइड यांनी आपली निर्मितीसंस्था आयलंडला विकली. ड्रेकच्या ध्वनिमुद्रिका सूचीतून कधीही काढून टाकावयाच्या नाहीत, अशी अट त्या वेळी घातली होती, असे बॉइड यांनी पुढे सांगितले आहे. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही त्याच्यासाठी अशी अट घालणे हा व्यवहार नव्हता, तो विश्वास होता. आयलंडचे मालक ख्रिस ब्लॅकवेल यांनी आपल्या बाजूने ड्रेकला आठवड्याला २० पौंड देणे चालू ठेवले होते. ‘पिंक मून’ची जाहिरात करताना कंपनीच्या प्रसिद्धी विभागातील डेव्हिड सँडिसन यांनी तर एक विलक्षण गोष्ट केली. आधीच्या दोन ध्वनिमुद्रिका खपलेल्या नाहीत, हे त्यांनी जाहिरातीतच कबूल केले. आणि तरीही आपण अशा ध्वनिमुद्रिका काढीत राहिलो तर एखाद्या दिवशी कोणीतरी अधिकारी व्यक्ती थांबेल, नीट ऐकेल आणि आपल्याशी सहमत होईल, अशी आशा व्यक्त केली. वाट पाहणे हेच जणू त्या कंपनीचे त्या एका गायकापुरते धोरण झाले.

ही वाट फार लांबली. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, आईवडिलांच्या घरी ड्रेकचे निधन झाले. मृत्यूच्या चौकशीत आत्महत्या असा निर्णय दिला गेला. त्याच्या निकटच्या काही व्यक्तींना तो पटलेला नाही. अखेरची तीन वर्षे तो नैराश्याच्या आजाराशी झगडत होता. आपण जे जे हाती घेतले त्यात अपयशच आले, असे तो म्हणाल्याची आठवण मॉली ड्रेक सांगत असत. म्हणून ध्वनिमुद्रिका खपली असती तर तो जगला असता, असे समीकरण मांडणे योग्य होणार नाही. आजाराला हिशेबाच्या वहीत बसविता येत नाही. मात्र ते वाक्य उच्चारणाऱ्या तरुणाजवळ स्वतःच्या कामाविषयी बाजाराने दिलेला एकच पुरावा होता, आणि तो पुरावा अपुरा होता, एवढे निश्चित म्हणता येते.

१९७९ मध्ये आयलंडने तीनही ध्वनिमुद्रिका एकत्र करून ‘फ्रूट ट्री’ नावाचा संच काढला. तोही चालला नाही. पण अधूनमधून कोणी तरुण श्रोता टॅनवर्थच्या घरी येऊन दार ठोठावू लागला. रॉडनी आणि मॉली त्याला आत घेत, चहा देत, मुलाची खोली दाखवीत. निकने घरी केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रतीही काहींना मिळाल्या. ही जाहिरात नव्हती की विक्रीची योजना नव्हती. एका माणसाने दुसऱ्याला सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्याला एक फीत उतरवून द्यावी, अशा रीतीने ही गाणी पसरत गेली. रॉडनी १९८८ मध्ये आणि मॉली १९९३ मध्ये निवर्तल्या. मुलाची खरी कीर्ती दोघांनाही पाहावयास मिळाली नाही.

जाहिरातीतील एक मिनिट

ती आली अगदी अनपेक्षित वाटेने. १९९९ च्या अखेरीस अमेरिकेत फोक्सवॅगन कंपनीच्या एका उघड्या टपाच्या मोटारीची जाहिरात दूरदर्शन संचांवर झळकली. चांदण्या रात्री चार तरुण मुले-मुली गाडीतून निघाली आहेत. ती एका मेजवानीच्या घरापाशी पोहोचतात, आतला गोंगाट पाहतात, एकमेकांकडे बघतात आणि आत न जाताच गाडी मागे वळवितात. पार्श्वभूमीवर ‘पिंक मून’चे शीर्षकगीत वाजत असते. या जाहिरातीनंतर अमेरिकेतील ‘पिंक मून’ची वार्षिक विक्री सुमारे ६,००० प्रतींवरून २००० साली सुमारे ७४,००० वर गेली.

जुन्या चाहत्यांपैकी काहींना हे रुचले नाही. जे गाणे त्यांनी अनेक वर्षे जपले ते मोटार विकण्याच्या कामी यावे, याचा त्यांना विषाद वाटला. त्यांच्या भावना समजण्याजोग्या आहेत. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. ज्या हजारो लोकांनी ते एक मिनिट ऐकले त्यांना दुकानात जाऊन ती ध्वनिमुद्रिका मागता आली, कारण ती दुकानात होती. म्हणजे १९९९ मधील मागणी पुरवली गेली ती पाव शतकापूर्वीच्या त्या अटीच्या बळावर. बाजारपेठेने ड्रेकला शोधून काढले, हे विधान अर्धसत्य आहे. बाजारपेठेच्या नियमांना एका ठिकाणी अपवाद करण्यात आला होता, म्हणून तिला तो सापडू शकला.

नव्या श्रोत्यांनी त्याचे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. अलंकार नसलेली कलाकृती मोकळी जागा सोडते, आणि माणसाचे मन मोकळी जागा भरून काढल्याशिवाय राहत नाही. १९७२ च्या श्रोत्याने ती अधीरतेने भरली: येथे काही तरी राहून गेले आहे, असे त्याला वाटले. १९९९ नंतरच्या श्रोत्याने ती मृत्यूने भरली. प्रत्येक ओळीत त्याला पुढे घडणाऱ्या शेवटाची चाहूल ऐकू येऊ लागली. ध्वनिमुद्रिका करताना गायकाला तो शेवट ठाऊक नव्हता, ही साधी गोष्ट विसरली गेली. वास्तविक त्या ११ रचनांत खेळकरपणाही आहे, ताल आहे, आणि शेवटच्या गीतात तर पहाटेचा उजेड आहे. शोकांतिकेच्या नादात ऐकणाऱ्याला हे ऐकू येत नाही. पहिला श्रोता कमी ऐकत होता. दुसरा नसलेले ऐकत होता. दोघांच्याही ऐकण्यात उणीव होती.

कलाकृतीपेक्षा तिच्या जन्मकथेला अधिक भाव येणे ही गोष्ट पुढेही दिसली. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील जस्टिन व्हर्नन या गायकाने २००६-०७ च्या हिवाळ्यात वडिलांच्या शिकारीसाठी बांधलेल्या लाकडी घरात एकट्याने राहून गीते मुद्रित केली, आणि ‘बॉन ईव्हेर’ हे नाव घेऊन २००७ मध्ये त्यांच्या ५०० प्रती स्वतःच काढल्या. पुढच्याच वर्षी एका छोट्या कंपनीने ती ध्वनिमुद्रिका सर्वत्र वितरित केली आणि तिला अल्पावधीत मोठा श्रोतृवर्ग लाभला. बर्फातील त्या एकाकी घराची कथा गीतांइतकीच गाजली. ड्रेकला जे पाव शतकात मिळाले नाही ते व्हर्ननला दीड वर्षात मिळाले, यात त्याच्या गुणांचा वाटा आहेच. पण अशा गाण्यासाठी कान आधीच तयार झाले होते, याचाही आहे. मार्शल यांचे म्हणणे येथे एका व्यक्तीकडून एका पिढीकडे सरकलेले दिसते. एकाने पेरावे आणि दुसऱ्याने कापावे, हा कलेच्या शेतीतला नित्याचा प्रकार होय.

प्रतीक्षेचा खर्च

आज परिस्थिती वरवर पाहता पालटली आहे. इंटरनेटवरून गाणी ऐकविणाऱ्या सेवांच्या सूचीत लक्षावधी गाणी कायम पडून असतात. जागेचा खर्च नगण्य झाल्याने सूचीतून वगळण्याचे कारण उरले नाही. बॉइड यांची ती अट जणू सर्वांनाच फुकट लागू झाली, असे कोणास वाटेल. परंतु टंचाई नाहीशी झालेली नाही, तिने केवळ जागा बदलली आहे. पूर्वी टंचाई होती ती मांडणीवरच्या जागेची. आता ती आहे श्रोत्याच्या लक्षाची. जे गाणे पहिल्या काही क्षणांत धरून ठेवीत नाही ते बोटाच्या एका स्पर्शाने पुढे ढकलले जाते, आणि दुसऱ्यांदा ऐकल्यावर उलगडणाऱ्या गाण्याला दुसरी संधी मिळणे अवघड होते. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफाय या सेवेने, मागील १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला मोबदला न देण्याचे धोरण स्वीकारले. आठवड्याला २० पौंडांची व्यवस्था तुटपुंजी होती. तरी ती एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या कामावर ठेवलेल्या विश्वासापोटी होती. संख्येच्या उंबरठ्याला असा विश्वास ठेवता येत नाही.

कलावंताच्या उशिरा मिळालेल्या यशाची कथा सांगताना शेवटी सारे हिशेब जुळले, असा सूर लावण्याची प्रथा आहे. येथे हिशेब जुळलेला नाही. श्रोत्यांना गाणी मिळाली, कंपनीला नफा मिळाला, वारसांना स्वामित्वधन मिळाले. ज्याने ती दोन रात्रींत गायिली त्याच्या वाट्याला केवळ प्रतीक्षा आली. बाजारपेठ कालांतराने आपली चूक सुधारते हे मान्य केले, तरी मधल्या काळाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच. तो खर्च संपूर्णपणे कलावंताच्या खात्यावर पडू नये असे वाटत असेल तर तो वाटून घेणारे कोणी असावे लागतात: न खपणारा माल मांडणीवर ठेवणारा विक्रेता, करारात एक कलम जादा घालणारा निर्माता, अनोळखी पाहुण्याला दार उघडणारे आईबाप, आणि पहिल्यांदा न उमगलेले गाणे दुसऱ्यांदा ऐकणारा श्रोता. यांपैकी शेवटचे काम सर्वांत स्वस्त आहे. त्याला २८ मिनिटे पुरतात.